बर्फाच्या कारखान्यातली बोअर

बर्फाच्या कारखान्यात पंप चालवणारी बाई लग्नानंतर या कामावर आली, तेव्हा बोअरचा व्हॉल्व्ह तिच्या गुडघ्याला लागायचा. वीस वर्षांत तो कमरेपर्यंत आला. पाइप जमिनीतून वर येतोय, अशी सगळ्यांची समजूत. याला खतपाणी कोण घालतंय, असं मालक थट्टेने विचारायचे.

त्या वर्षी भरतीचं पाणी गटारातून उलटं येऊन गल्लीत शिरलं आणि मग दर पौर्णिमेला शिरू लागलं. समुद्र चढलाय, असं जो तो म्हणत होता. बाईला मात्र पाइपाची धास्ती वाटू लागली. ती सासऱ्यांना घेऊन आली. चाळीस वर्षांपूर्वी ही बोअर त्यांनीच मारली होती.

सासरे पाइपाभोवती फिरले. फरशी पाइपापासून सुटून खाली बसली होती. त्यांनी वाकून त्या फटीत हात घालून पाहिला.

"सूनबाई, हा पाइप मी दोनशे फुटांवर खडकात रोवलाय. तो जागचा हलणार नाही."

"मग बाबा, हे वर कसं आलं?"

"वर काहीच आलं नाही. आपण खाली गेलो."

बाई दारात येऊन उभी राहिली. गल्ली, दुकानं, शाळेची भिंत, पलीकडे धक्का, सगळं नेहमीसारखंच दिसत होतं. आणि हे सगळं माणसांसकट हातभर खाली उतरलं होतं, कपातला चहासुद्धा न हिंदकळता.

पुढे मोजणीवाले आले. डोंगरावरच्या खुणेपासून मोजत आले आणि म्हणाले, समुद्र चार बोटं चढलाय, बाकी जमीन बसलीय. गावभरच्या बोअर पाणी उपसतात, तशी खालची गाळाची माती दबत जाते. बोअर बंद करायला मालकांनी आधी खळखळ केली; पण सासऱ्यांनी त्यांना पाइपाशी नेऊन उभं केलं. वर्षभरात डोंगराकडून नळ आला आणि एकेक बोअर बंद झाली.

दोन वर्षांनी पुन्हा मोजणी झाली. जमीन थांबली होती. दबलेली माती मात्र आता फुगणार नव्हती. गल्लीत भरती येतच राहिली. लोकांनी उंबरे उंच करून घेतले.

त्या दुपारी सासऱ्यांनी बोअरमध्ये दोरी सोडली. पूर्वी नव्वद फुटांवर लागणारं पाणी चाळिसावर लागलं. त्यांनी ओली दोरी सुनेच्या हातात दिली. गार होती. पायाखाली अंधारात पाणी आपलं आपण चढत होतं. बाईने चपला काढल्या आणि ती नुसती उभी राहिली.