मनापासून

आमचे अप्पा आमच्यावर कधी ओरडले नाहीत. हात तर कधीच उगारला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान उलट बोलता आलं असतं.

मी जन्मायच्या आधी, पुण्याला नोकरीला असताना, ते युनिफिकेशनवाले झाले, म्हणजे एका कोरियन ख्रिस्ती पंथात गेले. सोलापूरच्या आमच्या लिंगायत घरात तेव्हापासून देव्हाऱ्याशेजारी 'खऱ्या माता-पित्यां'चा, म्हणजे पंथ काढणाऱ्या कोरियन जोडप्याचा फोटो आहे. दर रविवारी पहाटे पाचला आम्ही त्यापुढे उभं राहून कुटुंबाची प्रतिज्ञा म्हणतो. देवाचं प्रेम आईबापांतूनच लेकरांपर्यंत पोचतं, म्हणून जोडीदारही त्यांनीच शोधायचा, असं अप्पांचं म्हणणं.

गेल्या सोमवारी त्यांनी माझ्यापुढे एक फोटो ठेवला. फिलिपिन्सचा मुलगा, पंथातलाच, दात छान. मी नको म्हणाले. सत्तावीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, माझं मी बघीन म्हणाले. अप्पांनी शांतपणे मान डोलावली आणि मंगळवारपासून सात दिवस नुसत्या पाण्यावर उपासाला बसायचं ठरवलं. लेकरानं प्रेम नाकारलं की भरपाई बापानं करायची, हा त्यांचा स्वतःचा नेम. पंथातली माणसं पुण्याहून फोन करून बजावत होती, मुलीच्या मनाविरुद्ध काही करू नका. अप्पांना ते अगदी मान्य होतं.

त्यांना साखरेचा आजार आहे, इन्सुलिन चालू आहे.

माझ्या थोरल्या भावाच्या, रेवणसिद्ध अण्णाच्या लग्नाच्या वेळीही असंच झालं होतं. तो चौथ्या दिवशी वळला. आता बायकोबरोबर कोरियात असतो आणि फोनवर सारखा हसतो. पूर्वी तो असा हसायचा नाही.

शुक्रवारी सकाळी अप्पा मोरीच्या दारात कोसळले. डॉक्टर घरी आले, सलाइन लावू म्हणाले. अप्पांनी हात काढून घेतला. अव्वानं, माझ्या आईनं, फ्रिजवरचा त्या मुलाचा फोटो उचलून माझ्या ताटाशेजारी ठेवला, एवढंच. मला दोघांचाही संताप आला होता, आणि अप्पा जातील ही भीतीही होती.

मी मोसंबीचा रस घेऊन त्यांच्या उशाशी बसले.

"अप्पा, मी तयार हाय. घ्या आता."

त्यांनी डोळे उघडले. माझ्या गालावरून हात फिरवला. हात गार होता. पेला मात्र त्यांनी बाजूला सारला.

"असं न्हाय, बाळ. भिऊन म्हनतीस तू. मनापासून पायजे."

"मनापासूनच म्हनतीय की."

"न्हाय. बाप हाय मी तुजा, मला कळतंय." त्यांनी दम घेतला. "सावकाश म्हन. मी हाय हितंच."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. दारात उभ्या अव्वानं ओठांवर बोट फिरवून मला खूण केली, हस.

मी हसले. अण्णा फोनवर हसतो तसं.