जपून ठेवलेली गादी

मी एक जुनी फोमची गादी आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुतेक एकच रडगाणे गातात, की आम्हाला कोणी जपले नाही. माझे गाऱ्हाणे उलटे आहे. मला जपले, फार जपले, आणि तिथेच घात झाला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे पातळ रसायन साच्यात ओततात, ते बघता बघता फसफसून वर येते आणि निवले की त्याचा भलामोठा ठोकळा होतो. त्या ठोकळ्यातून मला कापून काढले. म्हणजे माझ्या अंगात फोम कमी आणि हवाच जास्त. एखाद्या माणसाबद्दल असे म्हटले तर त्याला राग येईल, पण माझा तर तोच प्राण आहे. मग मला निळी खोळ चढवली, यंत्राखाली दाबून हवा काढली आणि गुंडाळी करून दुकानात पाठवले.

तिथून मला एका नवरा-बायकोने आपल्या लहान लेकीसाठी विकत घेतले. दुकानदार बोलका होता. तो म्हणाला, "ताई, घरी नेल्या नेल्या सोडा हिला. फार दिवस बांधून ठेवलीत तर मग कितीही बाबापुता करा, फुगायची नाही."

त्याने हे सांगितले म्हणून मी वाचले. कारण त्या घरात नवी वस्तू उघडायची पद्धतच नव्हती. आई एका लाँड्रीत काम करत असे. लोकांचे इस्त्रीचे कपडे घडी घालून प्लॅस्टिकमध्ये बांधायचे, हे तिचे रोजचे काम. तिने बांधलेल्या शर्टाला सुरकुती सापडली तर शपथ. तोच हात घरातही चाले. सोफ्यावर प्लॅस्टिक, टीव्हीच्या रिमोटवर प्लॅस्टिक, आणि चांगल्या कपांचा सेट खोक्यात, "कोणी आलं की काढू" म्हणून. लोक येत, जुन्या कपातून चहा पिऊन जात. तो खोका उघडावा एवढा मोठा पाहुणा काही त्या घरी कधी आला नाही. बाबा शाळेची बस चालवत. दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून त्यांना घरी वाद घालायचे त्राण नसे.

मला मात्र त्याच दिवशी जमिनीवर पसरले. प्लॅस्टिक फाटले, हवा आत शिरली आणि मी हळूहळू उठू लागले. लेक डोळे विस्फारून बघत होती. एकदम टाळ्या पिटत ओरडली, "आई, गादी जागी झाली!"

या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर ती भिंगरी कसली! झोपेतसुद्धा तिचे डोके रात्री उशाशी आणि पहाटे पायथ्याशी. आईने पहिल्या आठवड्यात माझ्यावरही प्लॅस्टिक घातले होते. भिंगरीने ते काढून खिडकीबाहेर टाकले. "मला ते कुरकुरतं," म्हणाली. आई रागावली, पण दुसरे घातले नाही. त्या घरात मनसोक्त वापरली गेलेली वस्तू मी एकटीच. माझ्यावर उड्या पडल्या, शाई सांडली, ताप उतरला, परीक्षेच्या धास्तीने रडणेही झाले. ते माझे सोन्याचे दिवस होते. हे तेव्हा कळले नाही, याचे आता वाईट वाटते.

मग भिंगरी मोठी झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली. तिथे खोली लहान, म्हणून मी मागे राहिले. आई सुट्टीच्या दिवशी मला खिडकीशी ऊन दाखवी आणि थोडा वेळ माझ्या काठावर नुसती बसून राही.

काही काळाने त्यांनी मोठे घर घेतले. तिथे भिंगरीला स्वतःची खोली मिळणार होती. आईला दुसरे काही सुचत नव्हते. लेकीने त्या खोलीत येऊन राहावे, एवढीच तिची इच्छा होती.

सामान हलवायच्या दिवशी हमाल आले. त्यांचा मुकादम म्हणाला, "मावशी, गादी आमची माणसं बांधतील की."

"तुम्ही कपाट बघा," आई म्हणाली. "हिला मी बांधते."

तिने लाँड्रीतली मोठी पिशवी आणली होती. मला तीत घातले, तोंड चिकटपट्टीने बंद केले आणि झाडलोटीच्या यंत्राची नळी लावून माझ्यातली हवा ओढून घेतली. बाबांना वर गुडघे टेकायला लावले. मग घट्ट गुंडाळी, तिच्यावर जुनी चादर, वरून नवी दोरी, आणि दर वितीवर एक गाठ. त्या दिवशी आरसा तडकला, टेबलाचा पाय निखळला, पण मला ओरखडा नाही. "बांधावं तर असं!" मुकादम म्हणाला. कौतुकाने मी फुगले असते, पण फुगायला जागा नव्हती.

नव्या घरात मला भिंगरीच्या खोलीत, दाराआड उभे केले. संध्याकाळी बाबा कात्री घेऊन आले. "सोडू या ना हिला? दुकानदार काय म्हणाला होता, आठवतं ना?"

"अहो, अजून रंग व्हायचाय. शिंतोडे उडतील. आणि दोरी कापू नका, चांगली आहे."

कात्री परत गेली. रंग झाला, मग पडद्यांचे कापड मनासारखे मिळेना. पडदे आले, मग सुतार कपाटाचे दार लावायला येईना. मधून मधून भिंगरीचा फोन येई. मला आईचे बोलणे तेवढे ऐकू येई.

"या सुट्टीत? नको ग, आत्ता नको. धड बसायला जागा नाही तुझ्या खोलीत. सगळं नीट होऊ दे, मग चांगली महिनाभर राहा."

मला ओरडून सांगावेसे वाटे, बोलव तिला, ती जमिनीवरही झोपेल! पण गादीला तोंड नसते. आत माझी बारीक बारीक छिद्रे एकमेकांना चिकटत चालली होती. आधी दुखे, नंतर दुखेनासे झाले, आणि तेव्हा मी खरी घाबरले. भिंगरीचे फोन येत राहिले. पण "येऊ का?" हे विचारणे तिने हळूहळू सोडून दिले.

मग ती आली, एका दुपारपुरती. तिला परदेशात नोकरी लागली होती आणि विमान त्याच संध्याकाळचे होते. खोली आता चित्रासारखी सजली होती. आईने मला नव्या पलंगावर घेतले. एकेक गाठ नखांनी सोडवली, दोरी बाजूला ठेवली आणि प्लॅस्टिक फाडले.

हवा आली. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. एक कोपरा उठला, थोडी कड उठली, बाकी सगळी मी वळकट्या पडून तशीच पडून राहिले.

"वेळ लागतो," बाबा म्हणाले. तिघेही उभे राहून वाट बघू लागले. आईने मला थोपटले, कडा ओढल्या, पुन्हा थोपटले.

भिंगरी हसत म्हणाली, "आई, ही जागीच होत नाहीये." आणि आईचा चेहरा बघून तिचे हसू मावळले.

"तुझ्यासाठीच ठेवली होती ग," आई म्हणाली. "एक डाग पडू दिला नाही."

"माहितीये ग. पण मी डाग पाडायलाच तर येणार होते."

मग ती प्रवासाच्या कपड्यांतच माझ्यावर आडवी झाली. या कुशीवरून त्या कुशीवर वळली. तिला उचलून धरायचे बळ माझ्यात उरले नव्हते. तिचे हाड खालच्या फळीला लागले, ते मला कळले. उठली तेव्हा कंबर चोळत होती. "मस्त आहे," म्हणाली. तिला लहानपणापासून खोटे बोलता येत नाही. थोड्या वेळात खाली गाडी आली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी आईने सोफ्यावरचे प्लॅस्टिक ओढून काढले. कपांचा खोका उघडला आणि दोघे त्या कपांतून चहा प्यायले. एकाचा कान लगेच तुटला, तरी तिने त्यातच पुन्हा चहा ओतला. जुने सामान घेणारा येऊन मला दाबून बघून गेला. "हिच्यात आता काही राम नाही," म्हणाला. आईने मला दिले नाही. दुपारची ती माझ्यावरच निजते, वळकट्यांसकट.

परवा तिचा फोन मी ऐकला. "खोली ना? छे ग, पसारा आहे नुसता. मी तिथंच लोळते, शाईसुद्धा सांडून ठेवलीये. तू कधी येतेस?" मग बराच वेळ ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बरं. पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी."

मित्रांनो, वस्तू जपा, नाही कोण म्हणतो? पण ज्याच्यासाठी जपता, त्याला आधी घरात येऊ द्या. त्याच्या पायांनी पडतील ते डाग पडू देत.

ती दोरी आईने वेटोळे करून खिळ्याला टांगली आहे. अजून अगदी नवीसारखी आहे.