कुलपाचं नाव

दादा गेल्यापासून मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. आई म्हणायची, एकदा रड तरी. पण डोळे कोरडे ठणठणीत. कामाला जायचे आणि त्याच्याच खुर्चीत बसायचे. नकाशे काढणाऱ्यांच्या त्या ऑफिसातला सर्व्हर आधी तो सांभाळायचा, मी त्याच्या हाताखाली; आता एकटी मी.

त्या सकाळी सर्व्हर तुडुंब भरला. कुणाला एक रेघ सेव्ह करता येईना. जुने स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या दिवशी फायली जशा होत्या तशा गोठवून ठेवलेल्या प्रती, काढून टाकणं भाग होतं. शेजारच्या टेबलावरचा उंदीरमामा लगेच भिडला. सगळं माउसनंच करतो, म्हणून हे नाव दादानं ठेवलेलं. आम्ही भाऊबहीण काळ्या पडद्यावर कमांड लिहिणारे. मामा म्हणायचा, "समोर चित्र असताना चाचपडता कशाला?"

सगळे स्नॅपशॉट गेले, एक जाईना.

"वापरात आहे, एवढंच म्हणतंय," मामा वैतागला. "आणि निम्मी जागा यानंच खाल्लीय."

मी तारीख पाहिली. मी इथे कामाला लागले तो दिवस. आत मात्र कधीच्याच बांधून झालेल्या इमारतींचे नकाशे, आता कुणाच्या कामाचे नाहीत.

पुसलं जाऊ नये म्हणून याला कुलूप कुणी लावलंय, ते मी कमांड लिहून विचारलं. मामाच्या चित्रात ते दिसत नाही. कुलूप लावणारा त्या कुलपाला एक नाव देतो. उत्तर आलं: टिल्ली.

दादा मला टिल्ली म्हणायचा. दुसरं कुणी नाही. माझा पहिला दिवस त्यानं जसाच्या तसा ठेवून दिला होता आणि मला पत्ताही नव्हता. तरी मला काही वाटलं नाही. त्याचीच भीती वाटली.

"काढ बाई," मामा म्हणाला. "सगळे खोळंबलेत."

कुलूप काढायला तेच नाव लिहावं लागतं. लिहिलं. पडदा गप्प राहिला. काम नीट झालं की तो काही बोलत नाही.

"टिल्ली कोण गं?" मामानं वाकून वाचलं.

"मी."

मामा आपल्या जागेवर गेला. स्नॅपशॉट पुसायला त्यानं माउस हलवला आणि तो थांबला.

"नक्की काढायचं का, विचारतंय," तो म्हणाला. "काय सांगू?"

दादाला नेलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

"हो म्हण," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.