संशयित मीटर

वीजपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात तिने पडद्यावरच्या लाल झालेल्या आकड्यावर कर्सर नेला, पण ‘वगळा’ हे बटण दाबले नाही.

“काय झालं, मॅडम?” शेजारच्या टेबलावरून शिफ्ट इन्चार्जनी विचारले.

“कागद कारखान्याचा फीडर, सर. भार दाखवतोय.”

“बंद कारखान्याचा? काढून टाका. मीटर म्हातारा झालाय, त्याला भास होतात.”

संगणकाचेही मत तेच होते. कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हापासून त्या फीडरवर, म्हणजे त्याला वीज नेणाऱ्या वाहिनीवर, भार नसणार असे प्रणालीत गृहीत धरलेले होते. गृहीतकाशी न जुळणारे मापन सदोष ठरत होते. तिला मात्र ते खरे हवे होते. त्या कारखान्यातली यंत्रे तिचे वडील सांभाळत. तो बंद पडल्यापासून ते घरातले, मुळीच न बिघडलेले पंखे दुरुस्त करीत बसत.

खरे हवे होते, म्हणूनच तिने तपासणी अधिक कडक केली. उपकेंद्रात येणारी वीज आणि तिथून निघणाऱ्या सगळ्या फीडरांची बेरीज जुळायला हवी. संशयित मीटर वगळून तिने बेरीज केली. ती कमी पडली, आणि नेमकी तो मीटर दाखवत होता तेवढीच. दोन वेगळे मीटर एकाच क्षणी तेवढेच खोटे बोलायचे, तर त्यांना आधी भेटून ठरवावे लागले असते.

म्हणजे भार खरा होता. पण पहारेकऱ्याने पाण्याचा पंप लावला, तरी आकडा हलतोच. तिने फोन उचलला.

“बाबा, कुठे आहात?”

“मित्राकडे बसलोय.” ते जवळजवळ ओरडूनच बोलत होते.

“एवढा आवाज कसला?”

“वहिनींनी मिक्सर लावलाय.”

“मोठा दिसतोय मिक्सर.”

“असू दे. आईला काही बोलू नकोस. संध्याकाळी मी सांगतो.”

“मिक्सरचं?”

पलीकडे कोणीतरी त्यांना हाक मारली, पाठोपाठ आणखी एक खोल घरघर सुरू झाली, आणि तिच्यासमोरचा आकडा एक पायरी वर चढला.

“बरं. या सावकाश,” म्हणून तिने फोन ठेवला.

मग तिने जुने गृहीतक खोडले. आकडा हिरवा झाला.

“मीटर निर्दोष आहे, सर.”

“आणि फोनवर कोण होतं?”

“त्यांच्यावर मात्र विश्वास ठेवता येत नाही,” ती गंभीरपणे म्हणाली. पण आकडा पुन्हा चढला, तेव्हा तिला तोंड खिडकीकडे फिरवावे लागले.