उतरल्याशिवाय मी चढत नाही

मी बोलतेय, पण आधी माझ्याकडं नीट बघा. सिडकोतल्या या घरासमोर डावी बाजू भिंतीला चिकटवून उभी असलेली उंच, काळी गाडी ती मीच. टपावर दिव्यांची लांबलचक पट्टी, पुढं जाडजूड लोखंडी गार्ड, अंगाला न शोभणारी मोठी चाकं, आणि पुढच्या चाकांच्या मधोमध सोनेरी रंग. जाणारी-येणारी पोरं माझ्याजवळ थांबून फोटो काढतात. मला त्यांचा राग येतो. त्यांना वाटतं, ही गाडी कुठंही जाईल. ही गाडी कुठंच जात नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. काही सुटे भाग इथल्या वाळूजच्या कारखान्यांतच घडले, शिफ्टच्या बसमधून जांभया देत उतरणाऱ्या माणसांच्या हातून. सांगण्यासारखी आहे ती माझी घडण. मी चारही चाकांवर जोर लावणारी गाडी आहे. साध्या रस्त्यावर मागची दोन चाकं मला ढकलतात. चिखल आला, चढ आला की पुढच्या चाकांनाही कामाला लावायचं असतं. आताच्या गाड्यांमध्ये त्यासाठी म्हणे एक बटण दाबलं की झालं. माझं तसं नाही. माझ्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध वाटीएवढा एक हब आहे. खाली उतरायचं, चिखलात बसायचं, तो हब हातानं फिरवायचा. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथंही बसायचं. त्यानंतर आत येऊन छोटा दांडा ओढायचा. दोन्हींपैकी एक हब जरी राहिला, तरी दांडा ओढून काही उपयोग नसतो.

ज्यांनी मला असं घडवलं त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही. पण मला ती अट आवडते. अवघड वाटेवर जायचं असेल तर आधी खाली उतरा.

माझे मालक सांडू डॉक्टर. गुरांचे डॉक्टर. सोयगाव तालुक्यात त्यांची नोकरी होती. डोंगरावरच्या वस्त्यांना तेव्हा रस्ता नव्हता, आजही नाही, बैलगाडीची एक वाट आहे. कुणाची म्हैस अडली, कुणाच्या बैलाचा पाय सुजला की खालून निरोप यायचा आणि डॉक्टर मला घेऊन निघायचे. चढाच्या पायथ्याशी ते न चुकता थांबायचे. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडायचे, माझ्या चाकाशी बसायचे, हब फिरवायचे आणि वर प्रत्येक वेळी हबवर चापट मारायचे, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. पुढच्या सीटवर बसून त्यांची मुलगी हे बघायची. तनुजा. थोडी मोठी झाल्यावर डावीकडचा हब तिच्याकडं आला. बापलेक दोन बाजूंना एकदम बसायचे आणि कुणाचा आधी होतो यावर भांडायचे.

मुलगा सोमनाथ. तोही यायचा. तो उतरायचा नाही, बूट खराब होतात म्हणून.

डॉक्टर निवृत्त झाले, घर शहरात आलं आणि मी अंगणात आले. नंतरच्या वर्षांत मला लग्नाला नेलं, दसऱ्याला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाकी वेळ माझ्या बोनेटवर मनकर्णाबाईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोनं, मिरच्या वाळत घातल्या. मिरच्यांचं मला काही वाटलं नाही. निदान ते काम होतं. पण ब्रेक दाबला की मी डावीकडं ओढायला लागले. चाकावरच्या स्प्रिंगचा एक पाटा खचला. रेडिएटर ठिबकायला लागलं. कुणी विचारलं तर डॉक्टर अभिमानानं सांगायचे, गाडी लाखात एक आहे. लाखात एक असलेल्या गाडीचं ऑइल बदलावं लागतं, हे मात्र त्यांना आठवायचं नाही.

तनुजा परभणीहून गुरांची डॉक्टर होऊन आली आणि तिनं काम घेतलं ते सोयगावच्या बाजूचंच. वरच्या वस्त्या तिच्याकडं आल्या. एकदा घरी येऊन तिनं बॅग खाली ठेवायच्या आधी माझं बोनेट उघडलं. पावसाळा लागायच्या आत वरच्या जनावरांना घटसर्पाची लस द्यायची होती. घटसर्प झालेली म्हैस सकाळी वैरण खाते आणि संध्याकाळी नसते. लस बर्फात न्यावी लागते, आणि बर्फ माणसाच्या पायांची वाट बघत नाही. तिला मी हवी होते.

मग माझ्या दुरुस्तीचं ठरवायला घरात बैठक बसली. खिडकी उघडी होती, मी सगळं ऐकलं. तनुजाचं म्हणणं सरळ होतं: आधी ब्रेक, मग पाटे, रेडिएटर, आणि हब खोलून आतलं ग्रीस बदलायचं. बाहेरून गाडी दिसो कशीही. सोमनाथचं वेगळं. तो आता एका साहेबांच्या ताफ्यात फिरतो. वॉर्डातल्या फलकांवर साहेबांच्या खाली जे छोटे चेहरे असतात त्यांत कोपऱ्यातला एक त्याचा आहे. त्याला मोठी चाकं हवी होती, गार्ड, दिवे, आणि असा हॉर्न की चौक हलला पाहिजे. दोन्ही एकदम होणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"दादा, गाडीला ब्रेक नाहीत," तनुजा म्हणाली.

"ताफ्यात ब्रेक लागत नाही. लोक बाजूला होतात," सोमनाथ म्हणाला.

मनकर्णाबाई हसल्या. मग सगळे डॉक्टरांकडं बघायला लागले. मीही कान टवकारले. माझ्या दोन्ही बाजूंच्या चिखलात बसलेला हा माणूस आता काय बोलतो ते मला ऐकायचं होतं.

"सोम्या म्हणतो तसं करा," डॉक्टर म्हणाले. "गाडी त्यालाच वापरायची हाय. तनू काय, आज इथं, उद्या सासरी."

माझा सगळ्यात जास्त राग सोमनाथवर असेल असं तुम्हाला वाटलं असेल. नाही. सोमनाथ पहिल्यापासून जसा होता तसाच आहे. माझा राग या वाक्यावर आहे. ज्या पोरीला यांनी स्वतः चाकाशी बसायला शिकवलं तिला चावी द्यायची वेळ आली तेव्हा यांना तिचं सासर आठवलं.

मला जालना रोडवरच्या एका दुकानात नेलं. दुकानदार माझ्याभोवती फिरला आणि सोमनाथला म्हणाला, "सेठ, गाडी नहीं, शेर दिखेगी शेर." माझा पांढरा रंग काळ्या चिकट कागदाखाली गेला. नवी चाकं वळताना माझ्या अंगाला घासायला लागली. तेवढ्यात सोमनाथला पुढच्या हबवरचा गंज दिसला. तो म्हणाला, हे चांगलं दिसत नाही. साहेबांचा वाढदिवस जवळ आला होता, बाकी सगळं काळं होतं, त्यावर सोनेरी उठून दिसेल. दुकानदारानं फवारा मारला. दोन थर. जिथून हब फिरतो ती बारीक फट रंगानं भरून बंद झाली. ती फट कशाची, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

नवसाला पावणारा देव सजवावा तशी मी घरी आले. मनकर्णाबाईंनी मला ओवाळलं तेव्हा डॉक्टरांनी मला बघितलं. सोनेरी हबही बघितला. "झ्याक दिसतंय," म्हणाले.

तनुजाच्या लसीचं तसंच राहिलं होतं. मग सोमनाथनंच तोडगा काढला. वरच्या वस्तीवर शिबिर घेऊ. फलक साहेबांचा, लस तनुजाची. तिचं काम होईल, त्याचंही होईल. तिच्यापुढं दुसरी गाडी नव्हती. ती हो म्हणाली.

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. निघालो तेव्हा ऊन चढलं होतं, कारण फलकावर साहेबांचा फोटो लहान आला म्हणून तो पुन्हा छापून आणला. सिल्लोडला ओळखीचे लोक भेटले, चहा झाला, माझ्यासमोर फोटो झाले. तनुजा मागच्या सीटवर बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती दर थोड्या वेळानं झाकण उघडून बघायची आणि बंद करायची.

आदल्या दिवशी डोंगरावर वळवाचा पाऊस पडून गेला होता. चढाच्या पायथ्याशी तनुजा म्हणाली, "थांब, हब लावते." सोमनाथनं मला थांबवलं नाही. मागून मोटारसायकलवर व्हिडिओ काढणारे येत होते, त्यांच्यासमोर बहिणीनं उतरून चाक बघितलेलं त्याला चाललं नसतं. त्यानं आतला दांडा ओढला आणि म्हणाला, "फोर बाय फोर लागलं बघ."

काही लागलं नव्हतं. दांडा आला, पुढचा आस आतल्या आत नुसता फिरत राहिला, पुढच्या चाकांना जोर शून्य. पहिल्या वळणावर मागची चाकं काळ्या मातीत रुतली. सोमनाथनं ॲक्सिलरेटर दाबला. मी अजून खाली गेले. त्यानं परत दाबला. मग हॉर्न वाजवला. चिखलाला हॉर्न वाजवणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

तनुजा उतरली. गुडघे टेकून माझ्या उजव्या चाकाशी बसली, हब धरला, फिरवला. तो हलला नाही. तिनं ओढणी गुंडाळून धरला. दगड घेऊन कडेनं ठोकला. सोनेरी कपची उडून तिच्या गालाला चिकटली. तिनं वर बघितलं. सोमनाथ काच अर्धी खाली करून बसला होता, बुटांना चिखल लागू नये म्हणून पाय आत.

"दादा, हे तू रंगवलंस?"

"मग गंजलेलं ठेवायचं का?"

तिनं दगड टाकला. डबा खांद्यावर घेतला आणि वाट चढायला लागली. मला तिच्यामागं जायचं होतं. माझ्यात ताकद होती, खरं सांगते. इंजिन आजही दणकट आहे. पण ती ताकद चाकापर्यंत पोचायची वाट एका माणसानं शोभेसाठी बुजवली होती.

दुपार कलल्यावर वरून दोन बैल आले. त्यांना घेऊन द्वारकाबाई आल्या होत्या. वस्तीवरच्या म्हाताऱ्या बाई, चार म्हशींवर घर चालवणाऱ्या. तनुजाही सोबत होती. डब्यात बर्फाचं कोमट पाणी झालं होतं आणि तिनं एकाही जनावराला सुई टोचली नव्हती. तापलेली लस टोचून लोकांना खोटा भरवसा द्यायला ती तयार नव्हती.

द्वारकाबाईंनी मला पाठून-पुढून बघितलं. "ही तुझ्या बापाचीच गाडी व्हय गं?" त्यांनी तनुजाला विचारलं. "तवा तर वर यायची. आता लई नटलीय म्हणून येत नाय का?"

व्हिडिओ काढणारी पोरं हसली. मी चिखलात होते म्हणून बरं, नाहीतर मला तोंड लपवायला जागा नव्हती.

त्या बैलांनी मला ओढून बाहेर काढलं. ज्या जनावरांसाठी मला औषध वर न्यायचं होतं, त्यांनीच मला दोराला बांधून खाली आणलं. सोमनाथनं स्टिअरिंग धरलं होतं. त्याचा व्हिडिओ आला तेव्हा त्यातून बैलांचा भाग काढून टाकला होता.

नंतर तनुजाच्या फोनवर निरोप आला. द्वारकाबाईंच्या चारपैकी एक म्हैस गेली. घटसर्प. तनुजानं हे जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, आवाज न चढवता. सोमनाथनं भाकरी मोडली. मग म्हणाला, त्या दिवशी विंच असती, तारेनं गाडी ओढून काढणारी, तर अडकलोच नसतो. विंच बसवून घेऊ. पुढं, गार्डवर. दिसायलाही भारी.

विंच. अजून एक गोष्ट, जी खाली न उतरता चालवता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर एकटेच बाहेर आले. हातात रॉकेलचा बोळा आणि पेचकस. त्यांना आता खाली बसता येत नाही, म्हणून मोरीतला पाट आणून माझ्या उजव्या चाकाशी ठेवला. बराच वेळ ते फटीतला रंग खरवडत होते. हब करकरला आणि फिरला. त्यांनी हात उचलला, चापट मारायला, आणि मारली नाही. नखांत अडकलेला सोनेरी रंग बघत बसले.

मग काठी टेकत दुसऱ्या बाजूला गेले. दुसरी बाजू भिंतीला चिकटलेली. तिथं हातही जात नव्हता; भिंत संपते ती हातभर पुढं. त्यांनी आत बघून हाक मारली, "सोम्या, गाडी जरा पुढं घे." सोमनाथ म्हणाला, "दुपारी बघू, अण्णा."

दुपार झाली. गाडी कुणी पुढं घेतली नाही. डॉक्टरांनीही पुन्हा सांगितलं नाही. मी त्यांच्या एका हबवर विरघळणार नाही. अर्धी चूक पुसून माणूस चढ चढत नसतो.

आता ऐका, मला पुसायला, सजवायला, माझ्यासमोर उभं राहून हसायला येणाऱ्या सगळ्यांनो. मला दिवे नकोत. हार नको. मला शेर म्हणू नका. मला ब्रेक द्या, ग्रीस द्या, आणि चिखल आला की खाली उतरणारा एक माणूस द्या. नसेल जमत तर मिरच्या वाळत घाला, पण मी डोंगर चढते असं कुणाला सांगू नका.

आणि तनुजा, हे फक्त तुला. नवी लस यायची आहे. डोंगरावर द्वारकाबाईंच्या तीन म्हशी आहेत अजून, बाकीच्या वस्त्याही आहेत आणि आभाळ भरून येतंय. चावी टीव्हीखालच्या खिळ्याला आहे, साहेबांचा फोटो असलेल्या साखळीत. उजवा हब सुटलाय. डावा तर पहिल्यापासून तुझाच. मला फक्त हातभर पुढं घे, त्याचा रंग खरवड, आणि चढाआधी ब्रेक करून घे.

चावी मागत बसू नकोस. उचल.