मी आहे म्हणून ती गैरहजर

थांबा, पाय ठेवण्याआधी दोन मिनिटं ऐका. मी रॅम्प बोलतोय. नाशिकमधल्या एका सरकारी कचेरीच्या दाराशी, पायऱ्यांना खेटून पडलेला सिमेंटचा उतार. तुम्ही रोज माझ्यावरून जाता, पण मला काही विचारावं असं कुणाला वाटलं नाही. आता मीच बोलतो, कारण माझ्या नावावर एक खोटं खपवलं गेलंय आणि ते मला सहन होत नाही.

माझा जन्म १९९९ सालचा. अपंगांसाठी कायदा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. प्रत्येक कचेरीला रॅम्प हवा, अशी वरून पत्रांवर पत्रं येत होती आणि ती फायलीत निवांत झोपत होती. तपासणीची तारीख ठरली तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. झिपरू गवंड्याला तातडीनं बोलावणं गेलं. झिपरू मूळचा कळवणकडचा, हाताला फार चांगला. बंगल्यांपुढे स्कूटर चढवायला उतार करून देणं हे त्याचं नेहमीचं काम. साहेब म्हणाले, "चार दिवसांत रॅम्प पाहिजे. फक्त माझ्या जीपच्या जागेत यायला नको." कुणासाठी पाहिजे ते साहेबांनी सांगितलं नाही आणि झिपरूनं विचारलं नाही. जीप खालीच राहणार, म्हणजे कचेरीतल्या लोकांच्या स्कूटरी वर चढवायच्या असणार, एवढंच त्याला कळलं.

त्यानं मला स्कूटरसाठी घडवलं. पाच पायऱ्यांची उंची आणि लांबी जेमतेम आठ फूट. कठडा नाही, कारण स्कूटरला कठडा कशाला? पण काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. ओल्या सिमेंटवर सुतळी दाबून आडव्या रेघा ओढल्या, टायर घसरू नये म्हणून. वर ओलं गोणपाट टाकून दिवसातून चारदा पाणी मारलं. शेवटी नारळ फोडून पहिला तुकडा माझ्यावर ठेवला. मला वाटलं, आपल्यासारखं भाग्यवान कोण!

तपासणीच्या आदल्या दिवशी माझ्या कपाळावर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलं. साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तपासनीस आले, लांबूनच मला पाहिलं, कागदावर खूण केली आणि चहाला आत गेले. मग माझं रोजचं आयुष्य सुरू झालं. कारकुनांच्या स्कूटरी चढल्या, पाण्याचे जार चढले, जुन्या फायलींच्या ढकलगाड्या चढल्या. दोन वर्षांत माझ्यावरून सगळं चढलं. ज्याचं चित्र कपाळावर होतं तेवढं कधी चढलं नाही.

मग एका सोमवारी सुवर्णा आली.

ती मखमलाबादकडच्या झेंडू लावणाऱ्या घरातली मुलगी. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले होते. हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवर ती बसली होती, मांडीवर कागदांची पिशवी. बरोबर तिचे वडील, मोतीरामनाना. कचेरीत लिपिकाची एक जागा अपंगांसाठी राखीव होती. लेखी परीक्षेत सुवर्णाचा पहिला नंबर आला होता. आता फक्त मूळ कागदपत्रं घेऊन साहेबांपुढे समक्ष हजर राहायचं, की नोकरी हातात. आणि वयाची अट पाहता हीच तिची शेवटची संधी होती. हे सगळं मला कळलं, कारण पाच पायऱ्यांखाली थांबून नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होते.

झुंबर नावाचा शिपाई बाहेर आला, तेव्हा नाना त्याला म्हणाले, "दादा, साहेबांना म्हनावं, जरा खाली येता का? पोरगी पायानं अधू हाय."

झुंबर आत गेला आणि तसाच परत आला. त्याचा चेहरा पडला होता. "साहेब म्हणतात, रॅम्प आहे की. वर या म्हणावं."

नानांनी मला खालून वर न्याहाळलं. शेतात चढउतार पाहिलेला माणूस, त्यांना लगेच कळलं. "सुवर्णे, लय उभा हाय गं ह्यो. चल, पाठंगुळीला घेतो तुला."

"आज घ्याल नाना," ती हसून म्हणाली. "पण नोकरी लागल्यावर मला रोज यायचंय इथं. रोज घ्याल का पाठंगुळीला? हा रॅम्प माझ्यासाठीच तर केलाय. हे बघा, चित्रसुद्धा काढलंय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला आपला म्हटलं. मला तेव्हा ओरडून सांगता आलं असतं तर! मी तुझा नाही गं, मी स्कूटरचा आहे.

ती दोन्ही हातांनी जोर लावू लागली. नाना मागून रेटत होते. निम्म्यापर्यंत आले आणि पुढचं चाक माझ्यावरून उचललं गेलं. नानांच्या पायातली चप्पल घसरली. सायकल तिरकी फिरली. एखादा कठडा असता तर अडली असती. ती माझ्या कडेवरून खाली फरशीवर कोसळली आणि सुवर्णाचा उजवा हात तिच्याखाली सापडला. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. हातच तिचे पाय होते.

नेमका तेव्हाच आत पुकारा सुरू झाला. "सुवर्णा मोतीराम!" या कचेरीची जुनी रीत अशी, की नाव तीनदा पुकारायचं आणि ओ आली नाही तर नोंद करून पुढे जायचं.

"हजर!" ती फरशीवरूनच ओरडली. "हजर, मी खाली आहे!"

व्हरांड्यातल्या गलक्यात ते आत पोचलं नाही. नानांनी सायकल बाजूला सारली, तिला पाठीवर घेतलं आणि धापा टाकत पायऱ्या चढून गेले. तिचा मोडका हात त्यांच्या छातीवर लोंबत होता. पाच मिनिटांत तशीच दोघं बाहेर आली. नाना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "म्हनतात, रजिस्टरमधी खाडाखोड करता येत नाय." साहेबांनी लाल शाईनं लिहून टाकलं होतं, गैरहजर.

पुढे माझी फुटलेली कड लिंपायला झिपरू आला. झुंबरनं त्याला सगळं सांगितलं. झिपरूच्या हातातली थापी तशीच राहिली. "मला माणसाचा हाय म्हून कोनी सांगितलंच नाय," तो म्हणाला. "पार फाटकापर्यंत नेला असता मी ह्याला." साहेबांना म्हणाला, फोडून नवा करतो, मजुरी नको. साहेब म्हणाले, "जीप कुठं लावू? आणि कागदावर रॅम्प झालेला आहे."

सुवर्णानं वर तक्रार केली. चौकशीला एकजण आला, बूट घालून माझ्यावरून दोनदा चढला-उतरला आणि मान डोलावून गेला. महिन्याभरानं सुवर्णा उत्तराचं पत्र घेऊन आली. या वेळी सायकल नाना ढकलत होते, तिचं मनगट वाकडं जुळलं होतं. माझ्या पायथ्याशी थांबून तिनं नानांना वाचून दाखवलं: "सदर कार्यालयात अपंगांसाठी रॅम्पची सोय उपलब्ध असून अर्जदार स्वतःहून गैरहजर राहिल्या. तक्रारीत तथ्य नाही."

"म्हंजे?" नानांनी विचारलं.

"म्हणजे मी आलेच नव्हते, नाना," ती म्हणाली. पत्राची घडी घालायला तिला डाव्या हातानं फार वेळ लागला. त्यानंतर ती कधी दिसली नाही.

आता २००८ साल आहे. दर अपंग दिनाला माझ्या कपाळावरचं चित्र नव्यानं रंगवतात, फोटो काढतात. मला त्या रंगाची लाज वाटते. इतर वास्तू तुम्हाला विनवत असतील, आम्हाला वाचवा, आमची डागडुजी करा. माझी विनंती उलटी आहे. मला फोडा. माझ्या जागी माणसासाठी लांब, सावकाश चढणारा रॅम्प करता आला तर करा. नाही करता आला तरी मला फोडा. मी नसलो तर त्या कागदावर निदान "सोय नाही" एवढं तरी खरं लिहावं लागेल.