बुटाचं गाणं

शनिवारी संध्याकाळी रीथा स्टिडम गावातल्या क्लबात गायला उभी राहिली आणि दुसऱ्या रांगेत तिला व्हर्जिल दिसला. तिचा धाकटा भाऊ. दारू सोडल्यापासून, जिथे ती मिळते तिथे तो पाऊल टाकत नसे. आज मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, पुढ्यात लिंबू सरबत घेऊन बसला होता. शेजारी कॉनी होती. ती त्याच्याच लाकडाच्या वखारीत कामाला होती, आणि ऑक्टोबरात दोघं लग्न करणार होते.

केंटकीतल्या त्या गावातलं जुनं हार्डवेअरचं दुकान म्हणजे आताचा हा क्लब. पाटीवर ‘रूट्स आणि अमेरिकाना’ असं होतं; गावातली माणसं नुसतंच ‘आपली जुनी गाणी’ म्हणत. रीथाचं एक गाणं मात्र जुनं नव्हतं. ते तिने स्वतः रचलं होतं, आणि तिचं नाव झालं ते त्याच गाण्यावर.

वडिलांच्या दफनाला व्हर्जिल झिंगून आला होता. प्रार्थना चालू असताना पाय घसरून उघड्या कबरीत पडला, आणि लोकांनी वर ओढल्यावर म्हणाला, ‘पाद्रीबाबा, माझा बूट खाली राहिला.’ गाण्यात एवढंच होतं. नाव नव्हतं, नुसतं ‘माझा भाऊ’. ते गाताना रीथा गिटार पाठीवर टाकून मंचभर लंगडत फिरायची आणि शेवटची ओळ व्हर्जिलच्याच जड जिभेने म्हणायची. लोक पोट धरून हसायचे.

आज ते गायचं नाही, असं तिने बास वाजवणाऱ्या एमेटला हळूच सांगितलं. पण दोन-तीन गाणी झाली आणि मागून कोणीतरी ओरडलं, “बूट!” मग सगळा क्लब टेबलं बडवायला लागला. तिने व्हर्जिलकडे पाहिलं. तो हसला आणि स्वतःही टेबल बडवू लागला.

नुसतं गाऊन मोकळं व्हायचं, नक्कल करायची नाही, असं मनाशी म्हणत तिने सुरुवात केली. पण पहिल्याच कडव्याला जो हशा उठला तो इतका गोड लागला, की गिटार पाठीवर कधी गेली तिला कळलंही नाही. ती लंगडली. भावाचा आवाज काढला. शेवटची ओळ व्हर्जिलही सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणाला. कॉनी तेवढी ग्लासाकडे पाहत बसली होती.

मध्यंतरात रीथा बाहेर आली. अजून उजेड होता. व्हर्जिल पलीकडे गाडीची काच पुसत होता, कॉनी दारापाशीच उभी होती. काहीतरी बोलायचं म्हणून रीथाने विचारलं, गाणी कशी वाटली.

“छान होती,” कॉनी म्हणाली. तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. “येताना त्याने मला सगळं सांगितलं. म्हणाला, ताई ते गाणं म्हणेल तेव्हा तू हस, नाहीतर तिला वाईट वाटेल. मला जमलं नाही. राग मानू नका.”

रीथाचे कान तापले. ती गाडीपाशी गेली.

“व्हर्जिल, ते गाणं...”

“भारी झालं. फक्त मी इतका काही लंगडत नव्हतो हं.”

ती हसली नाही. ते आता बंद करते, असं ती पुटपुटली.

“वेडी आहेस का? लोक त्याच्यासाठीच येतात.” त्याने फडकं झटकलं. “आणि ताई, त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही गं. बाबांना पोचवलं ते मला तुझ्या गाण्यातूनच ठाऊक.”

बूट मागून झाल्यावर तो कबरीशेजारी ठेवलेल्या शवपेटीवर डोकं टेकून कितीतरी वेळ रडला होता. ते रीथाने गाण्यात घेतलं नव्हतं. हशा मोडला असता. आता निदान तोंडाने तरी सांगावं म्हणून तिने ओठ उघडले, तेवढ्यात दारातून एमेटची हाक आली.

“जा,” व्हर्जिल म्हणाला. “लोक थांबलेत.”

आणि ती गेली. आत जाऊन तिने पुढचं गाणं सुरू केलं. गाताना टाळ्या किती पडतायत इकडेच आपलं लक्ष आहे हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.